डायनामो बदलण्यापूर्वी

कुठल्याही गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानासमोर उभे राहा. पाटीवर ‘सेल्फ, डायनामो व वायरिंगची कामे करून मिळतील’ असं लिहिलेलं असतं. सेल्फ दुकानात असतात, वायरिंगही असतं. डायनामो मात्र शोधूनही सापडायचा नाही. तो जुन्या फियाट, अँबॅसेडर आणि जीपगाड्यांबरोबर गेला. त्याच्या जागी अल्टरनेटर आला. नाव मात्र जुनंच राहिलं. नावाबद्दल माझी तक्रार नाही. पण नावाबरोबर त्या काळातल्या काही सवयीही टिकून राहिल्या आहेत आणि त्यांतली एक तरी आजच्या गाडीला फार महागात पडते. तिच्याकडे मी पुढे येणारच आहे.

सुमो, बोलेरो, स्कॉर्पिओ यांसारख्या मोठ्या गाडीचा अल्टरनेटर घरच्या घरी बदलायचा, किंवा त्या जागी जास्त ताकदीचा बसवायचा, तर काय करावं लागतं, हा आजचा विषय. घरच्या घरी म्हणजे अंगणात, किंवा शहरात राहत असाल तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये, सेक्रेटरींची नजर चुकवून. पाने चालवणं हा यातला सोपा भाग आहे. बहुतेक जुन्या गाड्यांत दोन-तीन बोल्ट, एक पट्टा आणि दोन-तीन वायरी एवढाच मामला असतो. अवघड आहे ते अल्टरनेटर खरोखरच गेला आहे का, हे ठरवणं. माझं स्पष्ट मत सांगतो. बदलून भंगारात गेलेल्या अल्टरनेटरपैकी पुष्कळांचा गुन्हा सिद्धच झालेला नसतो.

आधी हे यंत्र करतं काय, ते पाहू. चुंबक आणि तारेचं वेटोळं यांची एकमेकांसापेक्ष हालचाल झाली की तारेत वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवून दिलं. डायनामोमध्ये वीज देणारं वेटोळं स्वतः फिरायचं आणि सगळा प्रवाह कार्बनच्या ब्रशांमधून बाहेर काढावा लागायचा. म्हणून ब्रश लवकर झिजायचे आणि इंजिन मंद चाललं की वीज जवळजवळ मिळायचीच नाही. अल्टरनेटरमध्ये उलट व्यवस्था आहे. चुंबक फिरतो आणि वीज देणारी वेटोळी बाहेर स्थिर असतात. ब्रशांमधून जातो तो फक्त फिरत्या चुंबकाला जागं ठेवणारा काही अँपिअरचा प्रवाह. तयार होणारी वीज मात्र उलटसुलट वाहणारी, म्हणजे एसी असते आणि बॅटरीला ती चालत नाही. सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाल्यावर हा प्रश्न सुटला. १९६० साली अमेरिकेत क्रायस्लरच्या व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर सरसकट बसवला जाऊ लागला, आणि मग हळूहळू तो सगळीकडे पोचला.

या यंत्राच्या पोटात रेग्युलेटर नावाचा एक छोटा कारभारी असतो. जुने मिस्त्री त्याला अजूनही ‘कटआउट’ म्हणतात. इंजिन धावो की रांगो, तो व्होल्टेज साधारण चौदाच्या आसपास राखतो. गाडीने जास्त वीज मागितली की फिरत्या चुंबकाचा जोर वाढवतो, मागणी घटली की कमी करतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, ताकदीचा अल्टरनेटर बसवण्याच्या वेळी तिचा उपयोग होणार आहे.

बॅटरीचं काम खरं म्हणजे गाडी चालू करण्यापुरतं. एकदा इंजिन चालू झालं की दिवे, एसीचा पंखा, हॉर्न, वायपर हा सगळा संसार अल्टरनेटर चालवतो आणि वर बॅटरीही भरून काढतो. तो बंद पडला की सगळा भार बॅटरीवर येतो. गाडी मात्र लगेच काही बोलत नाही. समजा, रात्री आठ वाजता कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालात. अंतर सुमारे १३० किलोमीटर, मध्ये आंबा घाट. पावसाचे दिवस, म्हणून हेडलाइट, वायपर, काचेवरचं धुकं घालवायला पंखा. मिळून पंचवीस अँपिअर सहज खर्च होतात. ७५ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर तीन तास पुरते. प्रत्यक्षात ती पूर्ण भरलेली नसते, आणि अर्धी संपायच्या आतच दिवे पिवळे पडू लागतात. म्हणजे तासा-दीड तासात, नेमकं घाटाच्या तोंडाशी, रस्त्याकडेचे दगड दिसेनासे होतात. जुनं, यांत्रिक पंपाचं डिझेल इंजिन अशा वेळी बहुधा चालूच राहतं, पण रस्ता दिसत नाही. नव्या कॉमन रेल इंजिनाला स्वतःच्या संगणकासाठी आणि इंजेक्टरसाठी वीज लागते. ते वळणावर सरळ बंदच पडतं. मग ना पॉवर स्टिअरिंग, ना दिवे.

म्हणून डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या लाल दिव्याकडे दुर्लक्ष करू नका. किल्ली फिरवली की तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झालं की विझला पाहिजे. चालताना तो लागला तर काळजी करायची, हे सगळ्यांना माहीत असतं. किल्ली फिरवल्यावर तो लागतच नसेल, तर तेही वाईट लक्षण आहे, हे मात्र फारसं कोणाला ठाऊक नसतं. कित्येक जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा प्रवाह त्या दिव्यातूनच मिळतो. दहा-वीस रुपयांचा बल्ब उडाला म्हणून अल्टरनेटर जागाच होत नाही, आणि नवा घ्यायचा सल्ला मिळतो.

आता तपासणीकडे येऊ. यासाठी डिजिटल मल्टिमीटर पाहिजे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी, काहीही चालू न करता, बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊणएक. १२ किंवा खाली म्हणजे जवळपास रिकामी. आता इंजिन चालू करा, जरा रेस द्या आणि पुन्हा मोजा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा आला, की अल्टरनेटर आपलं काम करतो आहे. मग हेडलाइट आणि पंखा पूर्ण लावून पाहा. आकडा थोडा उतरेल, पण तेराच्या वर राहिला पाहिजे. पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे. तो बॅटरीचं पाणी उकळून संपवेल आणि बल्ब भराभर उडवेल.

आकडा साडेबारावरच अडकला, तर बहुतेक लोक इथेच निकाल देतात, ‘डायनामो गेला’. पण थांबा. पट्टा सैल आहे का ते पाहा. पट्ट्याची आतली बाजू काचेसारखी चकचकीत झाली असेल, सकाळी गाडी चालू करताना किंवा दिवे लावले की चिरकत असेल, तर तो पुलीवर घसरतो आहे. मग बॅटरीची टोकं पाहा. पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर गरम पाणी आणि खायचा सोडा यांनी धुऊन, कोरडी करून, घासून घट्ट बसवा. आणि त्यानंतर करा ती तपासणी, जी गॅरेजात सहसा कोणी करत नाही. ती म्हणजे वायरीची.

आमच्या गल्लीत एक वडापवाले आहेत. मलकापूर-कोल्हापूर अशा त्यांच्या फेऱ्या चालतात. मागे एकदा सकाळी गाडी घेऊन आले आणि म्हणाले, ‘‘मास्तर, डायनामो गेला म्हणत्यात. नवीन टाकायचा म्हंजे आठवड्याची कमाई गेली बघा. तुमी एकदा मीटर लावा की.’’ बॅटरी त्यांनी सहा महिन्यांपूर्वीच बदलली होती. तरीही रोज पहाटे गाडी ढकलून चालू करावी लागत होती, आणि पहाटेच्या फेरीचे उतारूच ढकलत होते. इंजिन चालू करून, दिवे लावून बॅटरीवर मोजलं. १२.९ व्होल्ट. म्हणजे कमीच. मग मीटरची एक तार अल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टला आणि दुसरी त्याच्याच अंगाला लावली. १४.४! यंत्र निरोगी होतं, वीजही तयार करत होतं. मग मधला दीड व्होल्ट गेला कुठे?

शोधायची रीत साधी आहे. इंजिन आणि दिवे चालूच ठेवायचे. मीटरची एक तार अल्टरनेटरच्या जाड बोल्टला आणि दुसरी बॅटरीच्या प्लस टोकाला. दोन्ही बाजू प्लसच्याच. मधली वायर चांगली असेल तर मीटर शून्याच्या जवळ, फार तर ०.२-०.३ व्होल्ट दाखवेल. तसंच अल्टरनेटरचं अंग आणि बॅटरीचं मायनस टोक यांच्यामध्ये मोजायचं. वडापवाल्यांच्या गाडीत मायनसच्या बाजूला ०.१ होता आणि प्लसच्या बाजूला १.४. वायर हाताने चाचपत गेलो, तर एका जोडावर चटका बसेल इतकी गरम. वरची टेप सोडवली. आतला लग हिरवा पडलेला, तारेचे निम्मे पदर तुटलेले. त्या वायरीतून वीसेक अँपिअर जात होते. वीस गुणिले १.४, म्हणजे अठ्ठावीस वॅट. रेडिओ दुरुस्तीवाल्याचा डाग द्यायचा खड्या साधारण पंचवीस वॅटचा असतो. म्हणजे त्या टेपखाली एक खड्या दिवसभर पेटत होता, आणि तोही डिझेलच्या नळ्यांपासून वीतभर अंतरावर. नवी वायर, दाबून बसवलेले दोन लग. एका फेरीच्या भाड्याहून कमी खर्च आला. दुसऱ्या दिवशी पहाटे उतारूंना गाडीत बसूनच जाता आलं.

आणखी दोन तपासण्या सांगून पुढे जातो. मीटर एसी व्होल्टवर लावून, इंजिन चालू असताना बॅटरीवर मोजा. अर्ध्या व्होल्टाहून जास्त आकडा दिसला, तर डायोड गेल्याची शक्यता मोठी. गेलेला डायोड गाडी उभी असतानाही बॅटरी गळवतो. आणि इंजिन बंद करून, पट्टा काढून पुली हाताने फिरवून पाहा. खरखर आली किंवा पुली हलली, तर बेरिंग गेलं.

यातून अल्टरनेटरच दोषी ठरला, तरी लगेच नवा घ्यायला हवा असं नाही. ब्रश, रेग्युलेटर, बेरिंग आणि डायोडची प्लेट हे सगळे सुटे भाग मिळतात. आपल्या तालुक्याच्या गावातला चांगला वायरमन अल्टरनेटर तासाभरात उघडून हे बदलून देतो. आतलं तांबं जळून काळं पडलं असेल, किंवा रोटर-स्टेटर घासले असतील, तर मात्र नवा घ्यावा. जुन्या बाजारातून, उदाहरणार्थ मुंबईत कुर्ल्याहून, घ्यायचा असेल तर तिथेच बेंचवर फिरवून, भार देऊन दाखवायला सांगा. रंग मारून चकचकीत केलेल्या मालावर मात्र माझा विश्वास बसत नाही.

आता ती जुनी सवय. इंजिन चालू ठेवायचं, बॅटरीची एक वायर उपसायची आणि इंजिन चालू राहिलं तर डायनामो चांगला म्हणायचं. डायनामोच्या काळात, दिवे आणि हॉर्न एवढीच वीज असलेल्या गाडीत, हे फारसं अंगाशी येत नसे. अल्टरनेटरचं तसं नाही. बॅटरी ही त्याच्यापुढची उशी आहे. ती अचानक काढली की रेग्युलेटर सावरेपर्यंतच्या क्षणात व्होल्टेज कित्येक पटींनी उसळतं. त्यात डायोड जातात, टेप जातो आणि नव्या गाडीत संगणक जातो. गंमत म्हणजे यांत्रिक पंपाच्या डिझेल गाडीत या परीक्षेला अर्थच नाही. ते इंजिन विजेवाचूनही चालू राहतं. अल्टरनेटर मेला असला तरी पास! कोणी तुमच्या गाडीवर हा प्रयोग करायला लागला, तर त्याचा हात धरा.

प्रत्यक्ष कामाला हात घालण्यापूर्वी बोनेट उघडा आणि अल्टरनेटरच्या पाठीमागे बघा. इथे पेट्रोल आणि डिझेल गाडीतला मोठा फरक आहे. आपण ब्रेक दाबतो तेव्हा पायाचा जोर वाढवणारा जो बूस्टर असतो, तो हवेच्या पोकळीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालतो. पेट्रोल इंजिनात ही पोकळी इंजिनाच्या शोषणातून आपोआप मिळते. डिझेलला ती तशी मिळत नाही. म्हणून वेगळा पंप लागतो. आणि सुमो, बोलेरोच्या जुन्या पिढीतल्या बऱ्याच गाड्यांत तो पंप अल्टरनेटरच्याच पाठीवर, त्याच दांड्यावर बसवलेला असतो. (सुमो हे नाव सुमंत मुळगांवकरांच्या नावाच्या आणि आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून आलं, हे आता पुष्कळ जण विसरले आहेत.) पाठीमागे हवेची जाड नळी आणि तेलाच्या दोन नळ्या दिसल्या, तर तुम्ही विजेचं यंत्र बदलत आहात आणि त्याच वेळी ब्रेकच्या कामालाही हात लावत आहात, हे समजून चाला.

अशा गाडीत पंपासकट मिळणारा, त्याच मॉडेलचा अल्टरनेटर घ्या, किंवा जुना पंप चांगला असेल तर नव्या ऑइल सीलसह त्याच्यावर चढवा. तेलाच्या नळ्यांचे वॉशर नवे वापरा. बसवण्यापूर्वी पंपाच्या तोंडात थोडं इंजिन ऑइल सोडा, म्हणजे पहिले काही क्षण तो कोरडा फिरणार नाही. तेल परत नेणारी नळी कुठे दबली किंवा मुडपली नाही ना, हे दोनदा पाहा. ती तुंबली की तेल सीलमधून अल्टरनेटरच्या पोटात शिरतं आणि ब्रश चिकट होऊन बंद पडतात. एकाच गाडीचे अल्टरनेटर वर्षात दोनदा जात असतील, तर कारण बहुधा इथे सापडतं. आणि हवेच्या नळीचा क्लिप नीट आवळला नाही, तर बूस्टरला पोकळी मिळणार नाही. ब्रेक लागेल, पण उभं राहून दाबावा लागेल. घाटात उतरताना ते कळून उपयोग नाही.

बाकीचं काम असं. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावलेली, इंजिन पूर्ण थंड. हातातली अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवा. बॅटरीचं मायनस टोक पहिल्यांदा काढा. प्लसला पाना लावला असताना तो चुकून पत्र्याला टेकला, तर ठिणगी उडते, आणि मायनस आधी काढलं असेल तर उडत नाही. अल्टरनेटरच्या जाड वायरीत इंजिन बंद असतानाही बॅटरीची वीज असते, हे विसरू नका. सगळ्या वायरींचा मोबाइलवर फोटो काढा. वरचा, खाचेतला बोल्ट सैल केला की अल्टरनेटर इंजिनाकडे ढकलता येतो आणि पट्टा सुटतो. मग खालचा लांब बोल्ट. यंत्र पाच-सहा किलोंचं असतं, पंपासकट त्याहून जड, तेव्हा बोल्ट निघण्याआधी दुसऱ्या हाताने आधार द्या.

जुना आणि नवा शेजारी शेजारी ठेवून पाहा. बोल्टच्या कानांमधलं अंतर, पुलीचा व्यास, पट्ट्याच्या खाचा आणि वायरीचं सॉकेट जुळलं पाहिजे. पुली लहान-मोठी असेल तर जुनी पुली नव्यावर चढवून घ्या. पट्टा दोन दोऱ्यांइतका जरी तिरका धावला, तरी महिन्यात तुटतो. नवा पट्टा घालताना ताण द्यायला टॉमी लावावी लागते. ती पुढच्या, जाड भागाला टेकवा. मागच्या ॲल्युमिनियमच्या झाकणाला टेकवली तर ते तडकतं. मधोमध अंगठ्याने दाबल्यावर पट्टा साधारण सेंटीमीटरभर खाली गेला पाहिजे. फार आवळला तर बेरिंग खातो. नवा पट्टा थोडा ताणला जातोच, म्हणून दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा पाहायचा. आणि जाड वायरीचा नट नीट बसवा, पण दांडगाई नको. तिथले आटे गेले, तर नव्या यंत्राची दुरुस्ती पहिल्याच दिवशी करावी लागते.

जास्त ताकदीचा अल्टरनेटर कोणाला लागतो? ज्यांनी गाडीवर जादा दिवे, छोटा फ्रिज किंवा इन्व्हर्टर चढवला आहे, किंवा ज्यांची गाडी तासन् तास उभ्या जागी चालू ठेवून वापरावी लागते, त्यांना. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवणारे दिवे लावण्यासाठी कोणी विचारलं, तर मी उत्तर देत नाही. आधी बेरीज करा. एकूण वॅटना चौदाने भागा, अँपिअर मिळतील. ५५ वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे आठ अँपिअर. नेहमीची सगळी बेरीज अल्टरनेटरच्या आकड्याच्या पाऊणपटीत बसत असेल, तर बदलायची गरज नाही.

लोकांना वाटतं, मोठा अल्टरनेटर बॅटरी जाळून टाकेल. तसं होत नाही. मघाशी सांगितलेला कारभारी व्होल्टेज चौदालाच ठेवतो, आणि गाडी मागेल तेवढेच अँपिअर जातात. जळते ती वायर. मूळची वायर मूळच्या अल्टरनेटरच्या हिशेबाने घातलेली असते. दीड मीटर लांबीच्या ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीतून १२० अँपिअर नेले, तर अर्धा व्होल्ट तिच्यातच खर्च होतो आणि साठेक वॅटची उष्णता तयार होते. तीच केबल २५ चौरस मिलिमीटरची घेतली तर फक्त ०.१३ व्होल्ट. म्हणून मोठ्या अल्टरनेटरबरोबर जाड केबल, बॅटरीजवळ तिला साजेसा फ्यूज, आणि इंजिनापासून चॅसीपर्यंत व बॅटरीपर्यंत तितकीच जाड अर्थची पट्टी, हे सगळं मिळून एक काम आहे. यातलं अर्धंच करायचं असेल तर करू नका.

दुकानदार १२० चा आकडा सांगतो, तो अल्टरनेटर भरधाव फिरतानाचा असतो. इंजिन रांगत असताना त्यातला लहानसा भागच मिळतो, आणि यंत्र तापलं की आणखी कमी. कधीकधी १२० चा अल्टरनेटर सिग्नलला उभं असताना जुन्या ७० च्या इतकाही देत नाही. म्हणून रांगताना किती देतो, हे विचारा. आणि ही वीज फुकट नाही. १०० अँपिअर म्हणजे १४०० वॅट. पण अल्टरनेटर दिलेल्या शक्तीतला बराच भाग उष्णतेत घालवतो, त्यामुळे इंजिनाकडून तीनाहून जास्त अश्वशक्ती ओढल्या जातात. जुना एकेरी पट्टा एवढं ओढताना घसरू लागतो.

एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या काळातली गाडी असेल, तर यातलं बरंचसं तुम्हाला लागू नाही. अशा बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरला किती व्होल्ट द्यायचे, हे इंजिनाचा संगणक ठरवतो. कधी साडेबारा, कधी पंधराच्या जवळ. तिथे मीटरचा आकडा पाहून निकाल देता येत नाही. बॅटरीच्या मायनस टोकावर लहान डबी दिसली, तर तो प्रवाह मोजणारा सेन्सर आहे. त्याला वळसा घालून टोकावर थेट वायर जोडू नका. अशा गाडीला स्कॅनर असलेल्या कारागिराकडेच न्यावं.

सगळं बसवल्यावर मायनस टोक शेवटी जोडा. इंजिन चालू करण्यापूर्वी ब्रेक पाच-सहा वेळा दाबा, पेडल कडक होईल. पाय तसाच दाबून ठेवून इंजिन चालू करा. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं, तर पंप पोकळी करतो आहे. गेलं नाही, तर गाडी अंगणाबाहेर काढायची नाही. मग लाल दिवा विझला का, तेल कुठे झिरपतंय का, मीटरवर चौदा येतात का, सगळे दिवे लावल्यावर किती राहतात, हे पाहा. इंजिन ऑइलची पट्टी पुन्हा तपासा. पहिली फेरी दिवसा आणि गावातल्या गावात मारा.

आणि काढलेला अल्टरनेटर भंगारवाल्याला तांब्याच्या भावात देऊन टाकू नका. त्यातले ब्रश आणि बेरिंग बदलून, पिशवीत गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटखाली ठेवून द्या. सोबत एक पट्टा आणि दोन पाने.